शूर्पणखेची गोष्ट मुलांना कशी सांगता?

गोदातीर

नमस्कार मंडळी. आम्ही पंचवटीत राहतो. लेक सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. दोघांनाही गोष्ट ऐकल्याशिवाय झोप लागत नाही, आणि आमच्याकडे गोष्ट म्हणजे रामाची, कृष्णाची नाहीतर बाप्पाची. माझ्या आजीने मला सांगितल्या, मी त्यांना सांगते. आजवर कुठे अडलं नव्हतं.

मागच्या रविवारी पाहुणे आले होते म्हणून सगळे तपोवनात गेलो. तिथे लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असं शिल्प आहे, ते पाहुण्यांच्या मुलांना दाखवलं. नाशिकच्या प्रत्येक पोराने ऐकलेलं वाक्य मीही म्हटलं: इथे नाक कापलं, नाक म्हणजे नासिका, म्हणून आपलं गाव नाशिक. पाहुण्यांची मुलं फोटो काढून कपिला संगमाकडे पळाली. माझी लेक मात्र तिथून हलेना.

"तिला दुखलं असेल ना?"

मी म्हटलं, "अगं, ती राक्षसीण होती."

"राक्षसिणीचं नाक दुखत नाही?"

रात्री अंथरुणात पुन्हा तेच. "मी दादूला चावले की तू मला रागावतेस. मग लक्ष्मणाला कोण रागावलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. झोप आता, एवढंच म्हणाले. ते मला फार लागून राहिलंय.

या गोष्टींवर माझी श्रद्धा आहे आणि मुलांच्या वागण्यावर त्यांचा होणारा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा श्रावणबाळाची गोष्ट ऐकून हीच पोर शाळेतून आली की आधी त्यांच्या उशाचा तांब्या भरून ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून गोष्टी सोडायच्या नाहीत. पण हे नाक कापणं, एकलव्याचा अंगठा, या जागा तुम्ही कशा सांगता? गाळता, बदलता की तशाच सांगता? मनापासून विचारतेय.

सातपूरकर

ताई, मी तशाच सांगतो. आमच्या वडिलांनी सांगितल्या तशा. लहान लेकराला आधी चांगलं काय नि वाईट काय एवढं ठळक कळू द्या. बारकावे मोठेपणी कळतील. सगळ्याच गोष्टीत "पण त्याचंही बरोबर होतं" असं सांगत बसलं तर पोराच्या हाती काही लागत नाही.

माझा मोठा आठवीत आहे. दोन वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीचा आरसा फुटला. कुणी बघितलं नव्हतं. हा स्वतः जाऊन सांगून आला, वर पैसे देतो म्हणाला. विचारलं तर म्हणतो, हरिश्चंद्राने राज्य दिलं, माझे तर खाऊचे पैसेच गेले. त्याला हरिश्चंद्र सरळ सांगितला होता, फाटे न फोडता.

संस्कृतवेडी

गोदातीर, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक मोठी शाबासकी. ती जिथे थांबली तिथे वाल्मीकीही थांबले आहेत, आपणच तो भाग गाळून गोष्ट सांगत आलो.

अरण्यकांडात काय आहे ते सांगते. शूर्पणखा येते आणि रामाला लग्नाचं विचारते. राम तिला सरळ नाही म्हणत नाही. हसत म्हणतो, माझं लग्न झालंय, हा माझा धाकटा भाऊ बघ, तो एकटा आहे. लक्ष्मण म्हणतो, मी तर दास, दासाची बायको होऊन काय करशील, तू त्यांच्याकडेच जा. दोघे मिळून तिला इकडून तिकडे टोलवतात. तिला थट्टा कळत नाही, तिला सगळं खरंच वाटतं. मग ती चिडते आणि सीतेच्या अंगावर धावून जाते. तेव्हा राम तिला अडवतो आणि त्याच्या सांगण्यावरून लक्ष्मण शूर्पणखेचे नाक-कान कापतो. त्याआधी राम त्याला काय म्हणतो? "क्रूरैरनार्यैः सौमित्रे परिहासः कथञ्चन न कार्यः." सौमित्रा, अशांची थट्टा कधी करू नये. म्हणजे थट्टा करायला नको होती, हे खुद्द रामाच्याच तोंडी आहे.

सात वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. शाळेत एखादीला सगळ्यांनी मिळून चिडवायचं, ती अंगावर आली की सगळा दोष तिचा, हे तिने वर्गात पाहिलेलं असतं. सीतेवरचा हल्ला चूकच, तो थांबवायलाच हवा होता. पण सुरुवात चेष्टेने झाली, हेही त्याच गोष्टीत आहे. दोन्ही सांगा.

आता तिचा दुसरा प्रश्न, लक्ष्मणाला कोण रागावलं. नाक कापल्यावर कुणी रागावल्याचं नाही. पण त्याच्या आधीची, पंचवटीला यायच्याही आधीची एक जागा आहे, नवव्या सर्गात. दंडकारण्यात शिरताना सीता रामाला थांबवते आणि म्हणते, माणसाच्या हातून तीन चुका होतात: खोटं बोलणं, परस्त्रीची अभिलाषा आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिल्या दोन तुमच्यात नाहीत, तिसरीची मला भीती वाटते. आणि मग ती त्याला एक गोष्ट सांगते.

एक तपस्वी होता. शांत, खरं बोलणारा. त्याचं तप मोडायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि एक उत्तम तलवार त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळायची, म्हणून हा ती सोबत घेऊन हिंडायला लागला. कंदमुळं आणायला जायचं तरी तलवार कमरेला. हळूहळू तिची सवय झाली. सवय झाली तशी बुद्धी फिरली, मन क्रूर झालं, तप बाजूला पडलं आणि शेवटी तो नरकात गेला. कुणी त्याला मार म्हणून सांगितलं नव्हतं. तलवार नुसती रोज जवळ होती.

राम तिच्यावर चिडत नाही. तू हे माझ्यावरच्या प्रेमाने सांगितलंस, म्हणतो. पण ऋषींना रक्षणाचा शब्द दिलाय, तो मोडता येणार नाही. दोघांचं म्हणणं तिथे शेजारी शेजारी उभं आहे. मी ही गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलांना बऱ्याचदा सांगितलीय आणि दर वेळी मुलं आधी सीतेची बाजू घेतात, मग रामाची, मग पुन्हा सीतेची.

जाता जाता, लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. ती पुढच्या रामकथांमधून आली. सीता गुंफेत गेलात की मुलं विचारतातच.

गोदातीर

संस्कृतवेडी, अंगावर काटा आला. सीता गुंफेपासून आमचं घर पाच मिनिटांवर. तिने रामाला गोष्ट सांगितली होती हे मला आज, या वयात कळतंय.

निवृत्त बाई

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बरीच पेठ आणि सुरगाण्याकडे. पोरांना गोष्टी सांगण्यातच जन्म गेला म्हणा.

एक प्रसंग लिहिते. पाऊस उघडला होता. मधली सुट्टी. चौथीची चार-पाच पोरं चतुर पकडत होती. चतुराच्या शेपटीला दोरा बांधायचा आणि उडवायचा, हा खेळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. एकाच्या हातात दोरा होता आणि दोऱ्याच्या टोकाला नुसती अर्धी शेपटी. तो मुलगा दोऱ्याकडे बघत उभा होता, चेहरा पांढरा पडलेला. बाकीची हसत होती.

मला आठवली अणीमांडव्याची गोष्ट. महाभारताच्या आदिपर्वातली. मांडव्य ऋषी मौन धरून तप करत बसलेले. चोर चोरीचा माल घेऊन त्यांच्या आश्रमात लपले. राजाचे शिपाई आले, विचारलं, ऋषी मौनात, बोलले नाहीत. शिपायांना वाटलं हाही त्यांच्यातलाच. सगळ्यांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. चोर मेले, ऋषी मेले नाहीत. राजाला चूक कळली, तो पाया पडला, पण सूळ काही पूर्ण निघाला नाही. टोक, म्हणजे अणी, अंगातच राहिली, म्हणून अणीमांडव्य.

पुढे ते धर्मराजाकडे गेले, म्हणजे यमाकडे. विचारलं, एवढी शिक्षा मी कशाची भोगली? यम म्हणाला, लहानपणी तू गवताच्या काड्या किड्यांच्या शेपटीत खुपसल्या होत्यास, त्याची.

इथवर सांगितलं तेव्हा वर्गात चिडीचूप. तो दोऱ्यावाला मुलगा रडायच्या बेतात. आणि इथेच गोष्ट थांबवली असती तर ती भीती घालण्याची गोष्ट झाली असती. पुष्कळ जण तिथेच थांबवतात. मोठ्या माणसांना ते सोयीचं असतं.

पण मांडव्य यमाला म्हणाले, मूल काही जाणत नसताना केलेल्या एवढ्याशा गोष्टीची इतकी मोठी शिक्षा? हा न्याय नव्हे. त्यांनी यमाला शाप दिला, तू माणसाच्या जन्माला जाशील. तो विदुर होऊन आला. आणि मांडव्यांनी त्याच वेळी मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांपर्यंत मुलाच्या हातून झालेलं पाप धरायचं नाही. धर्म सांगणाऱ्या देवाचा निवाडा चुकला, तोही एका लहान मुलाच्या बाबतीत, आणि देवालाही त्याची फेड करावी लागली.

त्या मुलाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, म्हणजे माझं माफ?" मी म्हटलं, तुझं माफ. आता तू सांग, चतुराचं काय करायचं? तो उठला, बाहेर गेला आणि खिडकीपाशी बसलेल्या दुसऱ्या पोराच्या चतुराचा दोरा सोडून आला. मी काहीच सांगितलं नव्हतं.

ताई, तुम्ही रात्री "झोप आता" म्हणालात याचा सल धरू नका. दुसऱ्या दिवशी सांगता येतं. मुलं प्रश्न विसरत नाहीत.

जुनं नाशिक

बाई, दंडवत.

आमच्या घरात कपालेश्वराची गोष्ट चालत आली आहे, ती देतो. रामकुंडावरून पायऱ्या चढून वर गेलं की कपालेश्वराचं देऊळ, महादेवाचं असून समोर नंदी नाही. लहानपणी आजी तिथे नेऊन आधी विचारायची, काय दिसत नाही सांग. आम्ही शोधायचो. मग गोष्ट.

ब्रह्मदेवाला आधी पाच तोंडं होती. एक तोंड वाईट बोललं म्हणून महादेवाने ते छाटलं आणि ब्रह्महत्येचं पातक लागलं. देव असून लागलं, हे आजी जोर देऊन सांगायची. पातक फिटेना, म्हणून महादेव हिंडत हिंडत सोमेश्वराकडे आले. तिथे एका ब्राह्मणाच्या अंगणात रात्री गाय आणि वासरू बोलत होतं. वासरू म्हणालं, उद्या मालक माझ्या नाकात वेसण घालणार, मी त्याला मारीन. गाय म्हणाली, अरे, पातक लागेल. वासरू म्हणालं, त्यावरचा उपाय मला माहितीये. सकाळी तसंच झालं. पांढरंशुभ्र वासरू काळंठिक्कर पडलं. ते धावत गोदावरीवर गेलं, रामकुंडात बुडी मारली आणि पुन्हा पांढरं झालं. मागोमाग महादेव. त्यांनीही स्नान केलं आणि पातक गेलं. वासराने वाट दाखवली, म्हणून ते गुरू. गुरूला समोर, पायाशी कसं बसवायचं? म्हणून तिथे नंदी नाही.

मी एकदा आजीला विचारलं होतं, पण त्या ब्राह्मणाचं काय? आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "वेसण घालताना जनावराला काय होतं ते त्याने एकदा बघायला पाहिजे होतं." तेव्हापासून बैलाच्या नाकाकडे लक्ष जातं माझं. वेसणीच्या भोकाशी काळी पडलेली कातडी असते ना, ती. तुमच्या लेकीने शूर्पणखेच्या नाकाचं विचारलं आणि हेच डोळ्यांपुढे आलं.

देवळाली गाव

चर्चा आवडली. माझ्याकडून एक गोष्ट, अन् ती रामाचीच आहे.

माझ्या मुलाला शबरी फार आवडते. बोरं चाखून चाखून गोड तेवढी रामाला देणारी, आणि तिचं उष्टं आनंदाने खाणारा राम. आमच्या घरात ही गोष्ट काळाराम मंदिराच्या पूर्व दरवाजासमोर उभं राहून सांगायची पद्धत आहे. कारण ती सांगून झाली की दुसरी सांगायची असते. २ मार्च १९३० ला याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो इथे उभा ठेवला. हजारो माणसं आली, बायका आल्या, आणि दारं बंद राहिली. रामनवमीच्या रथाला हात लावण्यावरून दगडफेक झाली. काही वर्षं सत्याग्रह चालला, पण तेव्हा दार उघडलं नाही.

पोरगा नऊ वर्षांचा असताना त्याने विचारलं, आत शबरीची बोरं खाणारा राम आणि बाहेर माणसं उभी, मग आतल्यांना ही गोष्ट माहीत नव्हती का? मी म्हटलं, पाठ होती. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

तेवढ्यासाठी मला शबरी सोडायची नाही. उलट ती जोरात सांगायची आहे. पण एकटी सांगायची नाही.

सिन्नरची लेक

वरचा प्रतिसाद वाचून डोळे भरले. माझ्या मुलींनाही याच दारात नेऊन सांगेन.

पाथर्डी फाटा

आमच्या गॅलरीतून पांडवलेणी दिसतात. मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला सांगायचो, पांडव वनवासात इथे राहिले. मग एक दिवस वर चढून गेलो, तिने विचारलं भीमाची खोली कुठली, आणि मला खोटं बोलवेना. ती बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, चोवीस. त्रिरश्मी हे त्या डोंगराचं जुनं नाव. मी तिला खरं सांगितलं. ती हिरमुसली.

पण त्यामुळेच मी शोधायला लागलो आणि जे हाती लागलं ते पांडवांच्या मुक्कामापेक्षा मोठं निघालं. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी गेल्यावर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने तो कोरवला. त्यात ती आपल्या मुलाचं वर्णन करते: राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी. शत्रूचाही जीव घेणं न आवडणारा. आणि आईची सेवा कधी न चुकवणारा. आणि हे लेणं तिने दिलं कुणाला? बौद्ध भिक्खूंना.

म्हणजे पांडव इथे राहिले नसतील, पण त्यांची नावं एका आईने आपल्या मुलासाठी या दगडात घातली, त्याला अठराशेहून जास्त वर्षं झाली. मुलीला हे सांगितलं, तेव्हा तिने त्या अक्षरांवर बोट फिरवायचं ठरवलं. पुरातत्त्व खात्याचा माणूस म्हणाला, लांबून. मग लांबूनच हवेत फिरवलं.

आणखी एक. एकोणिसाव्या लेण्यातल्या त्याहून जुन्या लेखात नासिक हे नाव आहे. नऊ टेकड्यांवरून गावाचं नाव पडलं असंही मानतात, "नाशिक नव टेकांवर वसविले" ही म्हण त्यातलीच. लेकीला गावाच्या नावासाठी फक्त कापलेलं नाकच सांगावं लागेल असं नाही, गोदातीर.

सातपूरकर

मी वर लिहिलं होतं की सरळ सांगा, फाटे फोडू नका. दोन दिवस सगळं वाचतोय. रात्रपाळीला जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पुन्हा वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही. लहानांना ठळक रेघ लागतेच. पण एक सांगायचं राहून गेलं होतं, ते लिहितो.

माझा भाऊ गेला. त्याचा मुलगा तेव्हापासून आमच्याकडे आहे, माझ्या मोठ्याच्याच वयाचा. दोघांत सायकलवरून वाद झाला. नवी एकच घेता येणार होती. मोठा म्हणाला, मी तुमचा मुलगा आहे. पुतण्या काहीच म्हणाला नाही, उठून गच्चीवर गेला.

त्या रात्री दोघांना यक्षाची गोष्ट सांगितली. तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडलेत. युधिष्ठिराने यक्षाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. यक्ष म्हणाला, एकाला उठवतो, कुणाला ते सांग. पुढे लढाई आहे, भीम माग, अर्जुन माग. युधिष्ठिर म्हणाला, नकुल. यक्ष म्हणाला, सावत्र भाऊ? युधिष्ठिर म्हणाला, कुंतीचा मी एक आहे. माद्रीचाही एक असू दे.

हे वाक्य बोलताना माझाच आवाज बसला. पुढे काही सांगताच आलं नाही. चौघेही जिवंत झाले हे सांगायचं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या काकूने सांगितलं. सायकल पुतण्याला घेतली. मोठा आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, हेही खरं सांगतो. आता दोघे तीच चालवतात, चेन कुणी साफ करायची यावरून भांडतात.

ताई, नाक कापायची गोष्ट मी आता सीतेच्या तलवारीसकट सांगेन.

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला लिहायला, धाकट्याला ताप होता.

काल रात्री सांगितलं. आधी संस्कृतवेडींनी दिलेली थट्टा. लेक लगेच म्हणाली, "म्हणजे त्यांनी आधी तिला उल्लू बनवलं." मग म्हणाली, "पण सीतेला मारायला नको होतं तिने." मग दोन मिनिटांनी, "नाकही नको होतं कापायला, हात धरायचे होते नुसते." मी काही बोलले नाही. बाई, तुमचं ऐकून गप्प बसले.

मग तलवारीची गोष्ट. इथे धाकटा उठून बसला. त्याला रामनवमीच्या यात्रेत प्लॅस्टिकची तलवार घेऊन दिलीय, आणि ती जेवताना, झोपताना, अगदी बाथरूममध्येही सोबत असते. परवा त्याच तलवारीने त्याने शेजारच्या मनीला ढोसलं होतं. तो ऋषी कंदमुळं आणायला जातानाही तलवार नेतो म्हटल्यावर याने आपल्या तलवारीकडे बघितलं आणि पांघरुणात सरकवली. लेकीने ते पाहिलं, मीही पाहिलं, दोघी गप्प राहिलो.

गोष्ट संपल्यावर त्याने विचारलं, "इंद्र तलवार परत न्यायला आला का?"

वाल्मीकींनी ते सांगितलंय का, संस्कृतवेडी? त्याला आज रात्री उत्तर हवंय. तलवार सकाळी देवघराच्या खालच्या फळीवर होती. म्हणतो, इंद्राला सापडेल अशी ठेवलीय.

येत्या रविवारी आम्ही टाकेदला चाललोय, जटायूच्या तीर्थावर. सकाळी सातला निघू. घोटीमार्गे जाणार. गाडीत दोन जागा आहेत, पाथर्डी फाटा, तुमची लेक येत असेल तर वाटेत घेऊ.